मामांच्या स्थळप्रती

शुक्रवारी सकाळी साडेनऊला माझ्या लॅपटॉपवर बिल्ड, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालता प्रोग्राम बांधायचं काम, पडलं आणि लाल अक्षरांच्या दोनशे-अडीचशे ओळी सरसर खाली गेल्या. मी वर जाऊन पहिल्यापासून वाचायला लागले. चौथ्या ओळीत कंपायलरचं, म्हणजे कोड वाचून तो यंत्राच्या भाषेत आणणाऱ्याचं, म्हणणं असं होतं, की 'विषय' हा शब्द त्याला कळत नाही. पाचव्या ओळीत त्याला 'संदर्भ' कळत नव्हता. सहाव्या ओळीत 'उपरोक्त विषयान्वये' आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला, कारण आमच्या घरात असं लिहिणारा माणूस एकच आहे, आणि तो त्या वेळी खाली ओसरीत बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

थोडं मागचं सांगते. मी पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते, पण बसते गोरेगावात, सेनगाव तालुक्यातल्या, सासरच्या घराच्या वरच्या खोलीत. लग्नाला सहा वर्षं झाली. त्यातली साडेपाच मी पुण्यात आणि नवरा इथं, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. सणावाराला भेटायचं, चार दिवस राहायचं, जीप धरून हिंगोली आणि तिथून पुढं पुणं. शेवटी आमच्या टीमच्या प्रमुखांनी, ज्यांना आम्ही सर म्हणतो, सहा महिने गावाकडून काम करून बघ म्हणून परवानगी दिली. ते सहा महिने त्याच शुक्रवारी संपत होते. दुपारी तीनला प्रोग्रामची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जायची होती आणि ती गेल्यावर सर माझं काय ते ठरवणार होते. वेळेत गेली तर बोलायला तोंड राहणार होतं. नाही गेली तर मला पुण्याला परतायचं होतं आणि पुन्हा सणावाराचा नवरा.

आमचा प्रोग्राम पार्सलवरचा पत्ता वाचून गाव ओळखतो. ऐकायला सोपं वाटतं. लोक पत्ते कसे लिहितात हे ज्याने पाहिलेलं नाही त्यालाच ते सोपं वाटतं. प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे पाहायला आम्ही चाचण्या लिहितो. एकेका फायलीत अमुक पत्ता दिला तर अमुक गाव आलं पाहिजे असं अवतरणचिन्हांत लिहिलेलं असतं. बिल्ड करताना या सगळ्या फायली कंपायलरकडे जातात, त्यातून चाचण्या तयार होतात आणि मग त्या एकामागून एक चालतात.

आता इथं माझे सासरे येतात. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा तहसीलीत अव्वल कारकून होते, चौतीस वर्षं. मी इथं राहायला आले त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले होते, "घरात बसून कसली नोकरी?" आणि ओसरीत निघून गेले होते. आत्या तर मला दिवसभर हाकसुद्धा मारत नसत. भाकरी थापायला नाही की दळणाला नाही. मी वसमतची, भरल्या घरातली. आमच्यात सुनेला हाक मारली नाही म्हणजे काय, ते मला शिकवायची गरज नव्हती. राग असेल तर असू दे म्हटलं. आपण आपलं काम करावं.

दोन महिन्यांपूर्वी एकदा मामा काही कामाने वर आले आणि माझ्या स्क्रीनवर त्यांची नजर गेली. पुण्याच्या पोरांनी लिहिलेली चाचणी होती. पत्ता गोरेगाव, आणि उत्तर मुंबई.

"हे कोण लिवलं?" मामांनी विचारलं.

"आमच्या टीमनं."

"गोरेगाव म्हंजे मुंबई? आन् आमी कोण मंग?"

त्या दिवशी मामा तिथंच खुर्ची ओढून बसले. शिरड शहापूर या नावाचे दोन तुकडे करून प्रोग्राम पार्सल ठाण्याच्या शहापूरला पाठवतो हे कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. कनेरगाव नाका त्याला सापडतच नाही हे कळल्यावर ते उठले आणि येरझाऱ्या घालायला लागले. जिल्ह्यातलं एकेक गाव, एकेक वाडी, एकेक तांडा त्यांना तोंडपाठ आहे. मी सरांना विचारलं, ते म्हणाले, हरकत नाही, नावं तपासू द्या त्यांना. मग मी जुना लॅपटॉप आणि एक पेन ड्राइव्ह मामांना दिला, चाचण्यांचं फोल्डर त्यावर टाकलं आणि बजावलं, मामा, अवतरणचिन्हांच्या आतलं बदला, बाहेरच्याला हात लावू नका.

त्यांनी बाहेरच्याला हात लावला नाही हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी जे केलं ते माझ्या कल्पनेत बसण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि कचेरीत मोजदाद देतात तसं म्हणाले, "एक्केचाळीस दुरुस्त्या. काम संपलं." मी आत न पाहता सगळं उचललं, कट केलं आणि माझ्या फोल्डरात पेस्ट केलं. ही माझी चूक. शुक्रवारी सकाळी ते फोल्डर उघडून पाहिलं तर एक्केचाळीस फायलींच्या जागी एकशे तेवीस.

प्रत्येक चाचणीशेजारी तिचीच एक जुळी फाईल होती, नावापुढे 'स्थळप्रत' लिहिलेली. आणि त्या दोघींच्या शेजारी तिसरी, 'टिपणी'. सरकारी कचेरीत बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत जागेवर ठेवतात, ती स्थळप्रत. आणि कोणताही निर्णय घ्यायचा तर तो का घ्यायचा हे आधी टिपणीत लिहितात, खाली 'सादर' म्हणतात आणि वर पाठवतात. मामांनी चाचणी बदलण्याआधी तिची स्थळप्रत काढली होती आणि बदलल्यावर टिपणी लिहिली होती. एक्केचाळीस वेळा.

आमच्या बिल्डला हे काय कळणार? कोणे एके काळी कंपनीत असलेल्या कुणीतरी त्यात लिहून ठेवलंय, चाचण्यांच्या फोल्डरात जे जे सापडेल ते ते कंपायलरपुढे टाकायचं. ते टिपणी कोड समजून वाचत होतं आणि 'उपरोक्त'ला अडखळत होतं. स्थळप्रती वाचून म्हणत होतं, ही चाचणी तर आधीच आली, पुन्हा कशी? आणि त्याचं बरोबर होतं. सहा महिन्यांत कंपायलर आणि मी प्रथमच एकमेकांशी सहमत होतो.

मी वरूनच हाक मारली. मामा जिना चढून आले.

"मामा, ह्या फायली काहून ठेवल्या?"

"कोणत्या?"

"स्थळप्रती. टिपण्या. सगळं बंद पडलंय."

"स्थळप्रत न्हाई तर दुरुस्तीला काय अर्थ? उद्या कुणी इचारलं, आधी काय व्हतं, तर काय दाखवशील?"

"सर्व्हरवर सगळं असतंय मामा. आधी काय होतं, कधी बदललं, कुणी बदललं. आपोआप."

"आन् काहून बदललं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलं की मला राग येतो. दहा वाजून गेले होते. गेले दोन दिवस दुपारी बारा ते दोन लाईट जात होती आणि लॅपटॉपची बॅटरी दीड तासाच्या वर टिकत नव्हती. मी स्थळप्रती निवडल्या, टिपण्या निवडल्या, सगळ्या मिळून ब्याऐंशी, आणि शिफ्ट दाबून डिलीट केल्या. शिफ्ट दाबलं की कचरापेटीतही राहत नाहीत. मामा माझ्या मागं उभे होते. त्यांना तेवढं कॉम्प्युटर मीच शिकवलं होतं.

ते जिना उतरून गेले. चपला सरकवल्याचा आवाज आला.

मला वाईट वाटलं का? खरं सांगते, त्या क्षणी नाही वाटलं. सुटले बाई, असं वाटलं. मी पुन्हा बिल्ड लावलं. कंपाइल झालं. चाचण्या चालायला लागल्या. आणि एक्केचाळिसातल्या तीन पडल्या.

पहिली शिरड शहापूरची. ती पडायलाच हवी होती, कारण प्रोग्रामच चुकत होता. दुसरी कनेरगाव नाक्याची, तिचंही तसंच. तिसरी गोरेगावची. पत्त्यात नुसतं गोरेगाव होतं, तालुका नाही, जिल्हा नाही. पुण्याच्या पोरांचं उत्तर होतं मुंबई. मला वाटलं होतं, मामांनी ते बदलून सेनगाव केलं असेल. त्यांनी लिहिलं होतं, 'ठरविता येत नाही'.

हे काय? ज्या माणसाने गोरेगाव मुंबईचं म्हटल्यावर खुर्ची ओढली, त्यानेच हे लिहावं? चुकून लिहिलं का? की काही विचार आहे? सर्व्हरवरून आधी काय होतं ते मला दिसत होतं. आता काय आहे ते दिसत होतं. मधलं 'काहून' मी स्वतःच्या हाताने डिलीट केलं होतं.

सोपी वाट होती. तिन्ही ठिकाणी जुनी उत्तरं परत टाकायची. दोन मिनिटांचं काम, सगळं हिरवं, तीनच्या आत ग्राहकाकडे, सर खूश. माझ्या गावाची पार्सलं मुंबईला जात राहिली असती, तशी ती आजही जातच होती. मी पहिली फाईल उघडली, जुनं उत्तर चिकटवलंसुद्धा. मग माझीच मला लाज वाटली आणि मी ते पुसलं.

आत्यांना विचारलं, मामा कुठं गेले. त्या म्हणाल्या, स्टँडावर, हॉटेलात.

स्टँडावरच्या हॉटेलात बाया जात नाहीत. जीपची वाट बघतानाही बाहेरच उभ्या राहतात. कुणी मनाई केलेली नाही, पण जात नाहीत. मी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ आत गेले. भज्यांच्या कढईशी उभा असलेला माणूस झारा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. मामा कोपऱ्यातल्या बाकावर तीन-चार जणांत बसले होते.

"मामा," मी म्हणाले, "माझं चुकलं. गोरेगावची टिपणी पाहिजे."

"नष्ट केली ना?"

"केली."

"मंग?"

"तुम्हाला आठवत असंल म्हणून आले."

मामांनी बशीतला चहा संपवला. शेजारच्याला म्हणाले, "चौतीस वर्षांत कलेक्टर सुदिक टिपणी मागाया हॉटेलात आला न्हाई." मग माझ्याकडं वळले. "आठवणीवर काम करते काय कोणी? चाल घरी."

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि लाल कापडात बांधलेलं एक दप्तर काढलं. गाठ सोडली. आत रजिस्टर होतं. कॉम्प्युटरवर लिहिलेली प्रत्येक टिपणी त्यांनी आधी हाताने त्यात लिहिली होती. मी डोळे फाडून बघत राहिले.

"मामा, तुमी टिपणीचीबी स्थळप्रत ठेवली?"

"मशीनचा काय भरोसा?" असं म्हणून ते पानं उलटायला लागले. मशीनचा नव्हे, सुनेचा, असं त्यांना म्हणायचं असणार. म्हणाले नाहीत हे त्यांचे उपकार.

गोरेगावची टिपणी त्यांनी मोठ्याने वाचली. "गोरेगावचा मनुष्य स्वतःचा पत्ता देताना तालुका लिहीत नाही, कारण त्याच्या मते गोरेगाव एकच आहे. मुंबईचा मनुष्यही लिहीत नाही, कारण त्याचेही मत तेच आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. माहिती अपुरी असता निर्णय देऊ नये. अर्जदारास विचारून घ्यावे. सादर."

आमच्या आठ जणांच्या टीमला हे एवढं सुचलं नव्हतं. आमचा प्रोग्राम दर वेळी छातीठोकपणे काहीतरी सांगायचा, कारण आम्ही त्याला 'माहीत नाही' म्हणायला शिकवलंच नव्हतं. अपुऱ्या पत्त्यांची वेगळी यादी करायची सोय मात्र त्यात होती, कुणी वापरत नव्हतं इतकंच. मी नुसतं गोरेगाव त्या यादीत वळवलं. शिरड शहापूरचे तुकडे होऊ नयेत म्हणून पूर्ण नाव आधी शोधायला लावलं. कनेरगाव नाका गावांच्या यादीत नव्हताच, तो घातला. यात लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, मोबाईलचं नेट लावलं, ते खोलीत येईना म्हणून गच्चीवर उन्हात बसले. मामा शेजारी छत्री धरून उभे. छत्री माझ्यावर नाही, लॅपटॉपवर.

"आता ह्या टिपण्यांचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"परत टाईप करायच्या. पण ठेवायच्या वेगळ्या फोल्डरात."

"चाचणीपासून लांब?"

"शेजारीच. पण बिल्डला सांगते, तिकडं बघू नको म्हणून."

मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बिल्डच्या फायलीत लिहिलं, की चाचण्या कंपाइल करताना फक्त आपल्या कोडच्याच फायली घे, टिपण्यांच्या फोल्डरात शिरू नकोस आणि नावात स्थळप्रत असेल ती फाईल सोडून दे. तीन ओळी. एवढ्या तीन ओळींसाठी मी सकाळपासून जीव काढला होता आणि एका म्हाताऱ्या माणसाची दोन महिन्यांची मेहनत बोटाने पुसली होती. मामांनी ओळी निरखून पाहिल्या.

"काहून वगळलं ते लिवलं न्हाई."

"मामा, वेळ नाही."

"लिव."

मी लिहिलं. त्या ओळींच्या वर, कंपायलर वाचत नाही अशा खुणेमागे, मराठीत: 'टिपण्या व स्थळप्रती या माणसांनी वाचण्यासाठी आहेत, सबब कंपाइलमधून वगळल्या आहेत. नष्ट करू नयेत.' शेवटचं वाक्य मामांनी सांगितलं. दीडला बॅटरी संपली, दोनला लाईट आल्यावर राहिलेलं उरकलं आणि दोन वाजून चाळीस मिनिटांनी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या आणि आवृत्ती गेली.

मग वाट बघणं. मामा रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवून जेवायला गेले होते. टिपण्या परत टाईप करायला घ्याव्यात म्हणून मी ते पहिल्या पानापासून उघडलं. पहिलं पान चाचण्यांचं नव्हतं. त्यावर सव्वापाच महिन्यांपूर्वीची तारीख होती, मी राहायला आले त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली.

'विषय : सूनबाईंनी घरून नोकरी करणेबाबत. सूनबाई हजर झाल्या असून त्यांना वरची खोली देण्यात आली आहे. दहा ते सहा या वेळेत त्यांना घरकामास हाक मारू नये, अशा तोंडी सूचना घरात दिलेल्या आहेत. चिरंजीव संध्याकाळी वेळेवर घरी येत आहेत व जेवताना बोलत आहेत. सबब सूनबाईंना येथेच राहू द्यावे, अशी शिफारस आहे. सादर.'

खाली 'निर्णय' असं लिहून पुढे रेघ मारलेली. रेघ कोरी होती.

मी ते तीनदा वाचलं. सहा महिने मी ज्याला अबोला समजत होते ती तोंडी सूचना होती. मला रडू आलं, आणि रडताना रागही आला, की हे सांगायला काय झालं होतं या माणसाला? रजिस्टरात लिहून कपाटात बांधून ठेवायचं, आणि सुनेनं ओळखायचं?

साडेचारला सरांचा मेल आला. आवृत्ती छान झालीय, गोरेगावचा मुद्दा ग्राहकाला फारच आवडला. आणि माझ्याबद्दल एवढंच: 'सध्या आहे तसंच चालू ठेवा, पुढचं नंतर कळवतो.' झालं. एवढा जीव काढून हो नाही की नाही नाही. मी तणतणत खाली गेले आणि मामांना मेल वाचून दाखवला.

"ह्याला काय निर्णय म्हणायचं?" मी म्हणाले.

मामांनी रजिस्टर मागून घेतलं. पहिलं पान मी पाहिलंय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असणार. खिशातला पेन काढून त्या कोऱ्या रेघेवर त्यांनी सावकाश लिहिलं, 'पुढील आदेशापर्यंत मान्य.'

"पुढचा आदेश कधी येईल, मामा?"

"मला एका टेबलावर असंच बसवलं व्हतं, पुढील आदेशापर्यंत. चार महिन्याचं काम हाये म्हणले." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "थितूनच रिटायर झालो. जा, स्थळप्रत काढ ह्याची."

मी वर गेले, ते पान टाईप केलं आणि टिपण्यांच्या फोल्डरात सगळ्यात वर ठेवलं. बिल्ड तिकडं बघत नाही.